जोस्लिन यांची नोंदवही

१८९३ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शिकणाऱ्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने एक नोंदवही सुरू केली. पहिली नोंद होती मधुमेहाने खंगत चाललेल्या एका आयरिश तरुणीची. तिच्यासाठी करण्यासारखे फारसे काही नव्हतेच. लघवीतली साखर मोजायची, वजन लिहायचे, खाण्यातले पिठूळ-गोड कमी करायचे आणि वाट पाहायची. त्या काळी लहान मुलाला मधुमेह झाला, की आईबापांच्या हाती महिने उरत. फार तर एकदोन वर्षे. विद्यार्थ्याचे नाव इलियट प्रॉक्टर जोस्लिन. त्याने सुरू केलेली नोंदवही पुढे जवळपास सत्तर वर्षे वाढत राहिली. आज मधुमेहतज्ज्ञ रुग्णाला साखरेचे उद्दिष्ट ठरवून देतात, त्या पद्धतीची बरीचशी मुळे या नोंदवहीत सापडतात.

मधुमेह हा साखरेचा आजार, असे आपण सहज म्हणून जातो. खरे तर तो संप्रेरकाचा आजार. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन पुरेसे मिळत नाही किंवा शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून साखर रक्तात तुंबते आणि मूत्रावाटे वाहू लागते. जोस्लिन शिकत होते तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते. हॉर्मोन हा शब्दच मुळी १९०५ सालचा. एवढे मात्र कळले होते, की कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले तर त्याला मधुमेह होतो. ओस्कार मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे ते दाखवून दिले होते. स्वादुपिंडात काहीतरी आहे, पण काय, ते हाती लागत नव्हते.

जोस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावात झाला. वडिलांचा बूट तयार करण्याचा कारखाना होता, घर खाऊनपिऊन सुखी होते. घरातले वळण मात्र न्यू इंग्लंडच्या जुन्या प्युरिटन पद्धतीचे होते. काम करावे, हिशोब ठेवावा, उधळपट्टी करू नये. हे वळण त्यांच्या औषधोपचारातही उतरले. त्याचे चांगले परिणाम झाले, तसे काही काटेरीही झाले. येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि १८९५ मध्ये डॉक्टर झाले.

मोजदाद करण्याची त्यांची सवय पहिल्यांदा जगासमोर आली ती १८९८ मध्ये. रेजिनाल्ड फिट्झ या आपल्या गुरूंसोबत त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची १८२४ पासूनची सगळी जुनी कागदपत्रे उपसली. चौऱ्याहत्तर वर्षांत तिथे मधुमेहाचे फक्त १७२ रुग्ण नोंदले गेले होते. आकडा लहान, पण त्यामागचा विचार त्या काळासाठी नवा होता. अमुक डॉक्टरांना असे वाटते, यापेक्षा इतक्या रुग्णांचे शेवटी काय झाले, हे पाहायचे. रुग्णालयातून घरी गेलेला माणूस पुढे किती जगला, हे त्या काळी फारसे कोणी विचारतच नसे. जोस्लिन पत्रे पाठवून विचारत. रुग्ण वारला तर कशाने, केव्हा, हेही लिहून ठेवत.

नोंदवहीतला आठवा रुग्ण त्यांच्या घरातलाच होता. शतक पालटण्याच्या सुमारास त्यांच्या आईला मधुमेह झाला. जोस्लिन यांनी तिच्या खाण्यावर ताबडतोब बंधने घातली. ही पद्धत ते युरोपात स्ट्रासबुर्गच्या बर्नार्ड नाउनिन यांच्याकडून शिकून आले होते. लघवीतली साखर गेली आणि आई १९१३ पर्यंत, म्हणजे आणखी सुमारे तेरा वर्षे जगली. त्या काळच्या मानाने हे आयुष्य पुष्कळच म्हणायचे. मुलाने त्यातून एक धडा घेतला. लवकर ओळखा, लगेच आवर घाला, साखर शून्यावर ठेवा, तर माणूस जगतो. तो धडा त्यांनी पुढे जन्मभर सोडला नाही.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. आज पाहिले तर त्यांच्या आईचा मधुमेह उतारवयात होणारा, संथ गतीचा, म्हणजे ज्याला आपण टाइप २ म्हणतो तो असावा. लहान मुलांना होणारा झपाट्याचा मधुमेह वेगळ्या जातीचा असतो, ही कल्पना ठळकपणे मांडली गेली १९३६ मध्ये, लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांच्याकडून. त्याआधीच्या नोंदवहीत आजी आणि नात एकाच रांगेत बसलेल्या होत्या. एकीच्या अनुभवावरून काढलेला नियम दुसरीला लागू पडेलच असे नव्हते.

१९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर संस्थेच्या फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी उपासाची चिकित्सा मांडली. लघवीतली साखर जाईपर्यंत रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवायचे, मग अगदी बेताने अन्न वाढवत न्यायचे आणि साखर दिसली की पुन्हा उपास. जोस्लिन यांनी ही पद्धत उचलून धरली. बॉस्टनच्या एका पोषण-प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्यासोबत त्यांनी मधुमेहींच्या चयापचयाची मापे आधीच घेतली होती, त्यामुळे उपासाने साखर उतरते याचा भरवसा त्यांना आकड्यांतून होता. उपचार मात्र भयंकर होता. वाढत्या वयाची मुले हाडांचा सापळा होऊन अंथरुणावर पडून राहत. डॉक्टर त्यांच्या ताटातला घास न् घास तोलत आणि आईबापांना सांगत, की आणखी थोडे दिवस काढा. कशासाठी काढायचे, याचे उत्तर डॉक्टरांपाशीही नव्हते. तरीही त्यांपैकी काही जणांनी काढलेले हेच थोडे दिवस पुढे मोलाचे ठरणार होते.

१९१६ मध्ये स्वतःच्या एक हजार रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला मधुमेहाच्या उपचारांवरचा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी आले ते याहून महत्त्वाचे पुस्तक. ते डॉक्टरांइतकेच रुग्णांसाठी होते. आजाराची माहिती रुग्णाच्या हाती द्यायची, त्याने स्वतः लघवी तपासायची, स्वतः अन्न तोलायचे, ही गोष्ट तेव्हाच्या वैद्यकात रुळलेली नव्हती. डॉक्टरांनी सांगायचे आणि रुग्णाने मान हलवायची, हाच रिवाज होता. जोस्लिन यांचे म्हणणे असे, की मधुमेहाचा रुग्ण डॉक्टरांसमोर वर्षातून काही तासच असतो. उरलेला सगळा काळ तो स्वतःच स्वतःचा डॉक्टर असतो. म्हणून त्याला शिकवलेच पाहिजे. नियम पाळणारा माणूस नियम समजून घेणारा असावा, हा त्यांचा आग्रह आजच्या प्रत्येक मधुमेह-शिक्षण वर्गात दिसतो.

१९२१ मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका लेखात आपल्या गावातल्या तीन घरांची हकिगत आहे. रुंद, शांत रस्त्यावर शेजारी शेजारी उभी असलेली तीन घरे. त्यांत एकामागून एक राहून गेलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने गेले. हेच सहा जण एखाद्या साथीत गेले असते तर आरोग्य खात्याची माणसे धावत आली असती, गटारे तपासली गेली असती. पण ते वेगवेगळ्या वर्षी, हळूहळू गेले, म्हणून कोणालाच काही वावगे वाटले नाही. साथीच्या रोगाकडे पाहायची नजर संथ रोगाला लावायची, हा विचार त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडला. पुढे १९४६-४७ मध्ये अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने याच ऑक्सफर्ड गावातल्या ३,५१६ लोकांची तपासणी केली. ७० जणांना मधुमेह निघाला. त्यांतल्या ३० जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता.

इन्सुलिनची पहिली मोठी बातमी जोस्लिन यांनी समोर बसून ऐकली. ३० डिसेंबर १९२१ रोजी न्यू हेवन येथे भरलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या बैठकीत टोरांटोच्या फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या अर्काचे प्रयोग मांडले. बँटिंग यांचे बोलणे अडखळत झाले, श्रोत्यांनी शंका काढल्या. जोस्लिन आणि अ‍ॅलन दोघेही तिथे होते. महिन्याभरात टोरांटोतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला हा अर्क टोचला गेला. जोस्लिन यांच्या हाती इन्सुलिन आले ते ७ ऑगस्ट १९२२ रोजी. त्यांनी निवडलेली पहिली रुग्ण बेचाळीस वर्षांची परिचारिका होती. पाच वर्षांच्या आजाराने आणि उपासाने तिचे वजन जेमतेम ३२ किलोंच्या आसपास उतरले होते आणि कित्येक महिन्यांत ती घराबाहेर पडली नव्हती. काही आठवड्यांत ती चालू-फिरू लागली आणि पुढे पंचवीसेक वर्षे जगली. उपासाने तिला अर्धमेले केले होते हे खरे, पण तिला १९२२ पर्यंत पोहोचवले तेही उपासानेच.

बहुतेकांना वाटले, प्रश्न सुटला. जोस्लिन यांची नोंदवही मात्र निराळे सांगू लागली. मृत्यूचे कारण या रकान्यात पूर्वी बहुतेक वेळा मधुमेही बेशुद्धी, म्हणजे कोमा, असे लिहावे लागे; ते कमी कमी होत गेले. त्या जागी हृदयविकार, मूत्रपिंडे निकामी होणे, पायाचा गँग्रीन ही कारणे येऊ लागली. पूर्वी मुले दोन वर्षांत मरत, म्हणून त्यांच्या डोळ्यांचे पंधरा-वीस वर्षांनी काय होते, हे पाहायची वेळच आली नव्हती. आता ती आली. इन्सुलिनवर वाढलेली मुले पंचविशी-तिशीत आंधळी होऊ लागली. १९३६ मध्ये पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी मधुमेहींच्या मूत्रपिंडातल्या विशिष्ट गाठींचे वर्णन केले. मग हे नुकसान मधुमेहाबरोबर येतेच, की वाढलेल्या साखरेमुळे होते?

जोस्लिन यांचे उत्तर ठाम होते. साखरच कारण, म्हणून साखर आवरा. आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे रथाचे तीन घोडे; रुग्णाने लगाम हाती धरून तिघांना एका चालीने चालवायचे. रोज चार वेळा बेनेडिक्टचे निळे द्रावण परीक्षानळीत उकळायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे. रंग निळाच राहिला तर छान. हिरवा म्हणजे किंचित साखर, पिवळा म्हणजे जास्त, विटकरी झाला तर हिशोब चुकला. अनेक घरांत एका पिढीने हा रंग बघत दिवस काढले आहेत. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड डीकॉनेस रुग्णालयात दाखल झालेल्यांचे वर्ग भरत. खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊन राहत आणि आईला इन्सुलिन टोचायला, अन्न तोलायला शिकवत. मधुमेही मुलांसाठी उन्हाळी शिबिरे सुरू झाली.

पायांबद्दल तर त्यांचा जीव फार तुटे. १९३४ मध्ये त्यांनी मधुमेही गँग्रीनच्या धोक्यावर एक लेख लिहिला. सूर असा, की हे संकट आभाळातून पडत नाही, आपल्याच दुर्लक्षातून उगवते. पाय चेहऱ्याइतकेच स्वच्छ ठेवा, रोज बघा, जखम झाली तर लगेच या. आजही कोणत्याही मधुमेह मार्गदर्शिकेत पायांचे प्रकरण उघडले तर मजकूर साधारण हाच असतो.

नियम माणसागणिक बदलायला हवा, हे शहाणपण त्यांच्याच दवाखान्यात एका डॉक्टर बाईंनी सर्वात स्पष्टपणे आचरणात आणले. प्रिसिला व्हाइट १९२४ पासून जोस्लिन यांच्यासोबत होत्या. मधुमेही मुले आणि मधुमेही गर्भवती ही त्यांची कामाची क्षेत्रे. त्या काळी मधुमेह असलेल्या बाईने गरोदर राहू नये, राहिलीच तर गर्भपात करावा, असा सल्ला सर्रास दिला जाई. व्हाइट यांनी तसे सांगायचे नाकारले. १९४९ मध्ये त्यांनी मधुमेही गर्भवतींची अक्षरवार वर्गवारी केली. मधुमेह कोणत्या वयात झाला, किती वर्षे झाली, डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या बिघडल्या आहेत का, यावरून बाईचा वर्ग ठरे. वर्गावरून तिच्यावर किती लक्ष ठेवायचे आणि बाळंतपण कधी करायचे, ते ठरे. त्यांच्या हाताखाली वाचणाऱ्या बाळांचे प्रमाण दर दशकाला वाढत गेले. उपचाराची शिस्त तीच, पण दारात उभी असलेली बाई कोण आहे, हे आधी पाहायचे.

जोस्लिन स्वतः एवढे लवचीक नव्हते. त्यांच्या लेखी मधुमेह ही चारित्र्याचीच परीक्षा होती. चांगला मधुमेही म्हणजे प्रामाणिक, संयमी, तोलूनमापून खाणारा. पंचवीस वर्षे मधुमेह असूनही ज्याचे डोळे आणि रक्तवाहिन्या शाबूत आहेत, अशा रुग्णाला त्यांचा दवाखाना १९४० च्या दशकाच्या अखेरीस पदक देऊ लागला. ते मिळालेल्यांना केवढा आनंद झाला असेल! पण ज्याने सगळे नियम पाळूनही दृष्टी गमावली, त्याचे काय? त्याला जगाने, आणि त्याच्या स्वतःच्या मनानेही, अपराधी ठरवले. साखरेचा रिपोर्ट वाढला की रुग्ण आजही शाळेतल्या मुलासारखा ओशाळून डॉक्टरांसमोर बसतो. ही सवय एकट्या जोस्लिन यांनी लावली असे नाही, पण तिला खतपाणी घालणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

विरोधकही सामान्य नव्हते. न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉल्स्टॉय १९४० च्या दशकात सांगत होते, की रुग्णाला बरे वाटत असेल, वजन टिकून असेल, मूत्रात कीटोन नसतील, तर लघवीत साखर दिसली म्हणून इतके घाबरायचे कारण नाही. साखर शून्यावर आणण्याच्या हट्टापायी रुग्ण सारखे हायपो होतात, दरदरून घाम फुटतो, बेशुद्ध पडतात. असे जगण्यात काय अर्थ? त्याच शहरातले हेन्री डोल्जर यांनी १९४७ मध्ये आपल्या रुग्णांचा आढावा घेऊन मांडले, की पंचवीस वर्षांनी रक्तवाहिन्यांच्या इजेतून जवळपास कोणीच सुटत नाही. काटेकोर असो की निष्काळजी.

या वादात जोस्लिन यांची नोंदवही कितीही जाडजूड असली, तरी अपुरी पडत होती. का, ते समजून घेण्यासारखे आहे. ज्यांची साखर ताब्यात राहिली, ते निरोगी राहिले, असे नोंदवहीत दिसत होते. पण साखर ताब्यात राहते कोणाची? ज्याचा आजार मुळातच सौम्य आहे, ज्याच्याकडे पैसा आणि सवड आहे, ज्याच्या घरात तोलून वाढणारे कोणी आहे त्याची. मग फायदा साखरेच्या नियंत्रणाचा, की सौम्य आजाराचा? नुसत्या निरीक्षणातून याचा उलगडा होत नाही. त्यासाठी रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडावे लागतात आणि वर्षानुवर्षे थांबावे लागते. शिवाय लघवीचा रंग त्या काही तासांपुरतेच सांगतो. गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारे माप तेव्हा अस्तित्वातच नव्हते. आज अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आपल्या प्रत्येक शिफारशीपुढे पुराव्याची प्रत अक्षराने लिहिते. ए म्हणजे भक्कम चाचण्यांचा आधार, शेवटचे ई म्हणजे निव्वळ तज्ज्ञांचे मत. जोस्लिन यांनी आयुष्यभर सांगितलेल्या मुख्य नियमाला त्या घडीला ई च्या फार वर काही मिळाले नसते.

२८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ब्रुकलाइन येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळातही ते रुग्ण पाहत होते. वाद तेव्हा मिटलेला नव्हता.

तो मिटायला आणखी एकतीस वर्षे लागली. साठच्या दशकाच्या अखेरीस तेहरानचे सॅम्युएल राहबर यांना मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा अंश आढळला. रक्तातल्या लाल पेशीला जितकी साखर चिकटते, तितका हा अंश वाढतो. आपण एचबीएवनसी म्हणून ओळखतो तेच हे माप. घरच्या घरी बोटातून रक्त काढून साखर मोजायची यंत्रे आली. मग अमेरिका आणि कॅनडामधल्या २९ केंद्रांत टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ तरुण रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एका गटाला नेहमीचे एक-दोन इन्सुलिन; दुसऱ्याला दिवसातून तीन किंवा अधिक वेळा इन्सुलिन किंवा पंप, चार वेळा तपासणी आणि साखर शक्यतो निरोगी माणसाइतकी ठेवण्याचा प्रयत्न. सरासरी साडेसहा वर्षांनी, ठरल्या वेळेआधीच चाचणी थांबवली गेली, कारण फरक डोळ्यांत भरण्याइतका होता. १९९३ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते, त्यांच्यात दृष्टिपटलाचा आजार सुरू होण्याचा धोका काटेकोर गटात ७६ टक्क्यांनी घटला होता. मूत्रपिंडे आणि नसा यांचीही इजा घटली. जोस्लिन बरोबर होते.

पण त्याच निष्कर्षात टॉल्स्टॉय यांची भीतीही खरी ठरली होती. काटेकोर गटात गंभीर हायपोचे प्रमाण तिप्पट होते.

आणि २००८ साली दुसरा धक्का बसला. टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या १०,२५१ मध्यमवयीन आणि वयस्क लोकांवर चाललेल्या एका चाचणीत एका गटाची एचबीएवनसी ६ च्या खाली आणायची, असे ठरले होते. दुसऱ्या गटाला ७ ते ७.९ पुरेशी. सुमारे साडेतीन वर्षांनी कडक गटात २५७ मृत्यू झाले होते, सौम्य गटात २०३. चाचणीतला तो भाग तिथेच बंद करण्यात आला. तरुण डोळ्यांना वाचवणारा नियम थकलेल्या हृदयाला बाधू शकतो, हे यातून कळले. आजी आणि नात यांना एका रांगेत बसवण्यातला घोटाळा आता आकड्यांत उतरला होता.

त्यानंतरच्या मार्गदर्शिका वाचल्या तर त्यांची भाषा बदललेली दिसते. बहुतेक प्रौढांसाठी एचबीएवनसी ७ च्या खाली, हा आकडा आहेच. पण त्याच्याच शेजारी लिहिलेले असते, की कोणासाठी तो आणखी खाली न्यावा आणि कोणासाठी ८ पर्यंत सैल सोडावा. २०१२ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून हे सविस्तर मांडले. रुग्णाचे वय, आजाराची वर्षे, हायपोचा धोका, बाकीचे आजार, त्याची इच्छा आणि घरातली मदत, हे सगळे पाहून आकडा ठरवायचा.

समजा, एकाच दिवशी तज्ज्ञांसमोर दोन रिपोर्ट आले, दोन्हींवर एचबीएवनसी ८.२. एक रिपोर्ट तीस वर्षांच्या बाईचा, मूल हवे म्हणून ती सल्ला घ्यायला आली आहे. तिची साखर गर्भधारणेआधी पुष्कळ खाली आणावी लागेल, कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. दुसरा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांचा. ते एकटे राहतात, मूत्रपिंडे अधू झाली आहेत, गेल्या महिन्यात रात्री साखर उतरून ते न्हाणीघरात पडले होते. त्यांच्या गोळ्या वाढवायच्या नाहीत, कमीच करायच्या, आणि ८.२ वर समाधान मानायचे. मार्गदर्शिका दोघांसाठी एकच. ज्या डॉक्टरांनी फक्त रिपोर्टवरचा ठळक आकडा पाहिला, ते दोघांनाही सारखाच डोस लिहून देतील आणि नियम पाळला म्हणून निश्चिंत राहतील. हा निर्णय घ्यायला आकड्यापलीकडे जे लागते, ते पुन्हा नोंदवहीतच असते. कधीपासून आजार, काय काय झाले, घरी कोण आहे, गेल्या वेळी डोस वाढवला तेव्हा काय झाले. जोस्लिन हे सगळे लिहून ठेवत. नियम ठरवताना मात्र त्यांनी त्यातले बरेचसे बाजूला सारले.

त्यांच्या पदकाची गोष्टही तिथेच संपली नाही. १९७० पासून त्यांचा दवाखाना इन्सुलिनवर पन्नास वर्षे काढलेल्यांनाही पदक देऊ लागला. अशा साडेतीनशेच्या आसपास लोकांची संशोधकांनी तपासणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४३ टक्क्यांच्या आसपास लोकांचे डोळे गंभीर इजेतून सुटले होते आणि ८७ टक्क्यांची मूत्रपिंडे चांगली होती. जोस्लिन असते तर ही माणसे नियम पाळणारी म्हणून वाचली, असे त्यांनी म्हटले असते. पण या मंडळींमध्ये सध्याची साखर आणि इजा यांचा मेळच बसेना. ज्यांची एचबीएवनसी वाढलेली, त्यांच्यातही निरोगी डोळे होते. ही सगळी वाचलेली माणसे, मधल्या वाटेत गेलेली त्यांत मोजलेली नाहीत, तेव्हा यावरून साखर सैल सोडा असा अर्थ काढता येणार नाही. तरी या लोकांच्या शरीरात इजा रोखणारे साखरेपलीकडचे काहीतरी असणार. बॉस्टनमध्ये जोस्लिन यांच्या नावाच्या संस्थेत त्याचा शोध चालू आहे, पदक मिळालेल्यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांत आणि मूत्रपिंडांत.